लघवीची एक बाटली किती दिवसांचं सांगते? सर्वेक्षणात नव्यानं आलेल्यांसाठी

सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातल्या एका वस्तीवर ऑक्टोबरच्या अखेरीस, फवारणीचं औषध लोकांच्या शरीरात किती जातं हे तपासायला आम्ही नमुने गोळा करत होतो. द्राक्षबागांची फळछाटणी होऊन तीन आठवडे झाले होते. फुटी हातभर वाढलेल्या, घड दिसायला लागलेले, आणि चार बागांमधून ब्लोअरचा, म्हणजे फवारणी यंत्राचा, आवाज सकाळपासून येत होता. साठीतल्या एका बागायतदारांनी लघवीची बाटली माझ्या हातात दिली आणि विचारलं, "ताई, तीस वर्सं औषध मारतोय. ह्यात सगळं निघंल का?"

मी म्हटलं, "आबा, ह्यात परवापासूनचं निघेल. फार तर आठवड्याचं. तीस वर्षांचं नाही निघणार."

त्यांचा चेहरा उतरला. "मग कशाला घेताय?"

हा प्रश्न अगदी रास्त आहे. ज्याला त्याचं उत्तर देता येत नाही त्यानं बाटली पुढे करू नये, असं माझं ठाम मत आहे. सामुदायिक आरोग्याचे विद्यार्थी, आशाताई, लॅबमधली नवी मुलं, कृषी महाविद्यालयातून आलेले तरुण असे अनेक जण दरवर्षी अशा कामात येतात. नमुना कसा घ्यायचा हे त्यांना कोणीतरी शिकवतं. त्या नमुन्यातून किती काळाचं कळतं आणि त्यावर किती विसंबायचं, हे मात्र क्वचितच सांगितलं जातं. म्हणून हे लिहिते आहे.

दोन शब्द आधी समजून घ्या. फवारणीचं औषध, धूर, शिसं असं काहीही श्वासातून, कातडीतून किंवा खाण्यातून शरीराला लागलं की त्याला संपर्क म्हणायचं. त्या संपर्काची रक्तात किंवा लघवीत सापडणारी खूण म्हणजे बायोमार्कर. ही खूण कधी मूळ पदार्थाचीच असते, कधी शरीरानं तो फोडून बनवलेल्या तुकड्याची, तर कधी शरीरावर झालेल्या परिणामाची. तिन्ही खुणा वेगवेगळा काळ दाखवतात.

पायरी पहिली: पदार्थाचा मुक्काम किती, ते शोधा

द्राक्ष बागायतदाराला पीएचआय समजावून सांगावा लागत नाही. अमुक औषध मारल्यावर अमुक दिवस माल काढायचा नाही, हे त्याला तोंडपाठ असतं. २०१० साली क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे युरोपात आपली द्राक्षं अडकली, तेव्हापासून तर उर्वरित अंश हा शब्द पारावरच्या गप्पांतही येतो. शरीराचंही तसंच आहे. प्रत्येक पदार्थाचा शरीरात ठरावीक मुक्काम असतो. तो मोजायचं माप म्हणजे अर्धायुष्य, म्हणजे आत असलेलं निम्मं बाहेर पडायला लागणारा वेळ.

क्लोरपायरिफॉस या कीटकनाशकाचं उदाहरण घेऊ. शरीर ते फोडतं आणि त्याचा टीसीपी नावाचा तुकडा लघवीतून बाहेर टाकतं. त्याचं अर्धायुष्य साधारण २७ तास. म्हणजे सव्वा दिवसात निम्मं, सव्वादोन दिवसांत पाव, आणि पाच अर्धायुष्यांनी, म्हणजे साडेपाच दिवसांनी, जेमतेम तीन टक्के उरतं. सायपरमेथ्रिनसारख्या पायरेथ्रॉइड औषधांच्या खुणा त्याहून लवकर, दीड-दोन दिवसांत बऱ्याचशा निघून जातात. तंबाखूची खूण असलेल्या कोटिनिनचं अर्धायुष्य १६ ते १८ तास. आर्सेनिक लघवीतून जायला काही दिवस घेतं.

दुसऱ्या टोकाला शिसं आहे. रक्तातल्या शिशाचं अर्धायुष्य सुमारे एक महिना, पण हाडात जाऊन बसलेलं शिसं दहा-वीस वर्षं आणि त्याहूनही जास्त टिकतं. लघवीतलं कॅडमियम मूत्रपिंडात वर्षानुवर्षे साठलेला साठा दाखवतं. डीडीटीवर शेतीसाठी १९८९ मध्ये बंदी आली, तरी त्यापासून बनणारं डीडीई चरबीत इतकं चिवटपणे राहतं की जुन्या माणसांच्या रक्तात ते अजून सापडतं. (ते रक्तातल्या चरबीबरोबर फिरतं. म्हणून त्याच नमुन्यात कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड मोजून हिशोब जुळवावा लागतो.)

जतकडच्या लोकांना मी हे असं सांगते: ओढ्याला आज पाणी आहे म्हणजे काल वर पाऊस झाला, विहिरीची पातळी हंगामाचं सांगते, आणि बोअर किती खोल गेलं त्यावरून गेल्या वीस वर्षांत काय उपसलं ते कळतं. लघवीतली बहुतेक औषधं म्हणजे ओढा, रक्तातलं शिसं म्हणजे विहीर, हाडातलं शिसं आणि मूत्रपिंडातलं कॅडमियम म्हणजे बोअर.

ओढ्याचं पाणी किती झटकन आटतं ते अमेरिकेत सिएटल भागातल्या २३ शाळकरी मुलांवरच्या एका अभ्यासात फार स्पष्ट दिसलं. २००६ मध्ये तो प्रसिद्ध झाला. मुलांचं नेहमीचं जेवण पाच दिवस बदलून सेंद्रिय अन्न दिलं, तर मॅलॅथिऑन आणि क्लोरपायरिफॉसच्या खुणा लगेच जवळजवळ नाहीशा झाल्या. जेवण पूर्ववत केलं तशा त्या परत आल्या. त्या पाच दिवसांतच नमुना घेतला असता तर ही मुलं औषधाच्या संपर्कात कधी आलीच नाहीत असं वाटलं असतं.

पायरी दुसरी: संपर्काची लय बघा

मुक्काम कमी म्हणजे खूण बेभरवशाची, असा निष्कर्ष नवी मुलं लगेच काढतात. तो अर्धाच खरा आहे.

आपल्या भागात कित्येक बायका मिश्री लावतात. सकाळी उठल्यावर, दुपारी जेवण झाल्यावर, रात्री निजताना. कोटिनिनचा मुक्काम एक-दोन दिवसांचाच, पण मिश्री रोजची. जेवढं बाहेर पडतं तेवढं पुन्हा आत येतं. त्यामुळे अशा बाईचा मंगळवारचा नमुना आणि पुढच्या महिन्यातल्या शुक्रवारचा नमुना यांत फारसा फरक पडत नाही. एका बाटलीवरून तिच्या नेहमीच्या सवयीबद्दल बऱ्याच खात्रीनं बोलता येतं.

फवारणीचं तसं नाही. ती सलग होते, मग थांबते. पाऊस आला, धुकं पडलं, दव वाढलं की डाऊनी (केवडा) रोगाच्या भीतीनं एक दिवसाआड, कधी रोजसुद्धा ब्लोअर फिरतो. उघडीप मिळाली की आठवडाभर शांत. एप्रिलच्या खरड छाटणीनंतरचं वेळापत्रक वेगळं, ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतरचं वेगळं. माल काढणीला येतो तशी फवारणी कमी होत जाते. तेव्हा नमुन्याची तारीख ठरवायच्या आधी त्या बागेची फवारणीची वही मागा. निर्यातीची द्राक्षं करणाऱ्याकडे ती हमखास असते. नसेल तर दुकानाच्या बिलांवरून आणि छाटणीच्या तारखेवरून त्याच्याबरोबर बसून मांडा.

पहिल्या वर्षी आमच्याकडून हे राहिलं. गाडी आणि माणसं ज्या आठवड्यात मिळाली त्या आठवड्यात आम्ही सगळ्या गावाचे नमुने घेतले. तो आठवडा कोरडा, स्वच्छ उन्हाचा होता. कोणीच औषध मारलेलं नव्हतं. आकडे इतके कमी आले की अहवालाच्या मसुद्यात 'संपर्क अल्प' असं लिहूनही झालं होतं. तो मसुदा गावातल्या एका मुलाच्या हाती पडला. बापाबरोबर तो रोज टाकीत औषध कालवायचा. तो एवढंच म्हणाला, "मॅडम, तुमी आलात त्या आधी धा दिस ब्लोअर शेडात हुता." ते वाक्य मी अजून विसरलेले नाही.

आणखी एक गोष्ट. संपर्क म्हटलं की सगळे पंप धरणाऱ्याकडे बघतात. विरळणी, जीए डिपिंग (घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणं), पानं काढणं ही कामं बायका करतात आणि त्यांचे हात, कोपर, पदर दिवसभर औषध बसलेल्या पानांना घासतात. घरी येऊन नवऱ्याचे फवारणीचे कपडे त्याच धुतात. प्रश्नावलीत 'तुम्ही फवारणी करता का?' एवढंच विचारलं तर त्या 'नाही' म्हणतील, आणि ते खरंच असेल. विचारायचं असं: काल कोणत्या बागेत होता, तिथं औषध कधी मारलं होतं, पानं ओली होती का, हातमोजे होते का, कपडे कोणी धुतले.

कातडीतून जाणारं औषध सावकाश आत शिरतं. म्हणून फवारणी संपल्या संपल्या घेतलेल्या लघवीपेक्षा दुसऱ्या दिवशी सकाळची लघवी अधिक बोलते.

पायरी तिसरी: परिणामाची खूण हवी असेल तर आधी स्वतःची पायरेषा

फॉस्फरसवर्गीय औषधं (उदाहरणार्थ क्लोरपायरिफॉस) आणि कार्बामेट या कीटकनाशकांच्या दोन गटांसाठी रक्तातलं कोलिनेस्टरेज नावाचं एन्झाइम मोजतात. इथं आपण औषध मोजत नाही, औषधानं दाबून टाकलेलं एन्झाइम मोजतो. त्यामुळे लघवीतलं औषध निघून गेल्यावरही काही आठवडे खूण राहते. हा मोठाच फायदा.

याचे दोन प्रकार. लाल पेशींवरचं कोलिनेस्टरेज मज्जातंतूंच्या आतल्या एन्झाइमशी जवळचं नातं सांगतं. ते फॉस्फरसवर्गीय औषधानं एकदा कायमचं बांधलं गेलं की नवी लाल पेशी तयार होईपर्यंत भरून येत नाही. लाल पेशीचं आयुष्य १२० दिवसांचं, म्हणून ते दिवसाला सुमारे एक टक्का या गतीनं वर येतं. प्लाझ्मातलं, म्हणजे रक्तपेशी वगळून उरणाऱ्या द्रवातलं, कोलिनेस्टरेज यकृतात बनतं. ते लवकर खाली जातं आणि लवकर भरतं. पण यकृताचा आजार, कुपोषण, गरोदरपण यांनीही ते कमी दिसतं, आणि काही घराण्यांत ते जन्मतःच कमी असतं. नुसत्या प्लाझ्माच्या आकड्यावर 'विषबाधा' असं लिहू नका.

कार्बामेटच्या बाबतीत अडचण अशी की बंध सैल असतो. काही तासांत एन्झाइम आपोआप सुटतं, कधी तर नळीतच सुटतं. माणसाला सकाळी घाम, लाळ, डोळ्यांपुढे अंधारी आलेली असते आणि संध्याकाळी लॅबमधून रिपोर्ट मात्र ठीक येतो.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे माणसामाणसांत कोलिनेस्टरेजची मूळ पातळी खूप वेगळी असते. लॅबच्या कागदावरची 'सामान्य मर्यादा' इतकी रुंद असते की एखाद्याची पातळी तिसऱ्या हिश्शानं घसरली तरी आकडा त्या मर्यादेतच राहू शकतो. म्हणून तुलना त्याच माणसाच्या, औषध न मारलेल्या काळातल्या आकड्याशी करायची. हीच त्याची पायरेषा. कॅलिफोर्नियात १९७४ पासून फवारणी कामगारांसाठी याच तत्त्वावर नियम आहेत. स्वतःच्या मूळ पातळीपेक्षा २० टक्के घसरण झाली की कामाची पद्धत तपासायची. लाल पेशींत ३० टक्के किंवा प्लाझ्मात ४० टक्के घसरण झाली की त्या माणसाला औषधापासून दूर करायचं, आणि पातळी मूळच्या ८० टक्क्यांवर येईपर्यंत परत लावायचं नाही.

आपल्याकडे ही पायरेषा कधी घ्यायची? माल संपल्यानंतर खरड छाटणीपर्यंत बागेला विश्रांती असते. त्या विश्रांतीच्या शेवटी घ्या. शक्यतो शेवटच्या फवारणीला ३० दिवस झालेले असावेत, आणि काही दिवसांच्या अंतरानं दोनदा मोजून सरासरी धरावी. मात्र बाग शांत असली तरी तोच माणूस शेजारच्या वांग्यावर किंवा ढबू मिरचीवर पंप घेऊन जातो का, ते विचारायला विसरू नका.

दरवेळी लॅब तीच, पद्धत तीच, एकक तेच. एका लॅबचा आकडा दुसऱ्या लॅबच्या आकड्यासमोर ठेवून घसरण काढता येत नाही. नळी हिरव्या किंवा जांभळ्या टोपणाची घ्या. करड्या टोपणाची, साखरेच्या तपासणीची नळी इथं चालत नाही, कारण तिच्यातलं फ्लोराइड कोलिनेस्टरेजला स्वतःच दाबतं. रक्त लगेच बर्फात ठेवा. नळीत औषध शिल्लक असेल तर गरम गाडीत ते एन्झाइमला दाबत राहतं आणि मिरजेच्या लॅबला पोचेपर्यंत आकडा खाली येतो.

माणसाला लक्षणं असतील तर यातलं काहीच करत बसू नका. बुबुळ आकसलेलं, तोंडाला फेस, दम लागलेला, अंग थरथरतंय, तर कपडे उतरवा, साबणानं अंग धुवा, औषधाचा डबा बरोबर घ्या आणि दवाखाना गाठा. उपचार रिपोर्टची वाट बघत नाहीत.

पायरी चौथी: बाटली

हे दिसायला साधं, पण निम्मे नमुने इथंच बिघडतात.

लघवी करण्याआधी हात साबणानं धुवायला सांगा. फवारणी करून आलेल्या माणसाच्या बोटांवरचं औषध बाटलीच्या काठाला लागलं की तुम्ही त्याच्या शरीरातलं नाही, त्याच्या बोटांवरचं मोजता. झाकण जमिनीवर ठेवू द्यायचं नाही. एका घरी मी बघितलं, आजीबाईंनी झाकण गोठ्याच्या कट्ट्यावर ठेवलं होतं आणि त्याच कट्ट्यावर आदल्या दिवशी औषधाची टाकी धुतली होती. कट्ट्यावर पांढरट डाग अजून दिसत होता. ती बाटली मी टाकून दिली, दुसरी दिली आणि झाकण तेवढा वेळ माझ्या हातात धरलं.

बाटली आपणच द्यायची. गोळ्यांची रिकामी डबी, लोणच्याची बरणी नको. सकाळची पहिली लघवी घेणं बरं, कारण रात्रभराचं त्यात एकत्र साठतं. प्लॅस्टिकमधले पदार्थ मोजायचे असतील तर बाटली कुठल्या प्लॅस्टिकची आहे हे लॅबला आधी विचारा. बाटलीवर तारीख, वेळ, शेवटची फवारणी कधी, शेवटचं जेवण काय हे पेन्सिलीनं लिहा. बर्फाच्या पाण्यात शाईचं पेन पसरतं.

मग येतो पाण्याचा प्रश्न. ऊसतोडीच्या फडावर भर दुपारी घेतलेली लघवी गडद पिवळी, घट्ट असते. तोच माणूस रविवारी घरी दोन तांबे पाणी पिऊन आला तर पातळ. औषध तेवढंच असलं तरी पहिल्या बाटलीत आकडा दुप्पट-तिप्पट दिसेल. म्हणून लघवीतलं क्रिएटिनिन (स्नायूंतून येणारा टाकाऊ पदार्थ) किंवा विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या तुलनेत लघवी किती जड) मोजून हिशोब जुळवतात. क्रिएटिनिन लिटरला ०.३ ग्रॅमपेक्षा कमी किंवा ३ ग्रॅमपेक्षा जास्त असेल तर तो नमुना बाजूला ठेवून दुसरा मागणं उत्तम. पण क्रिएटिनिन स्नायूंवर अवलंबून असतं. पैलवान गड्याचं जास्त, म्हाताऱ्या बाईचं आणि लहान पोराचं कमी. फक्त क्रिएटिनिननं भागून बापलेकीची तुलना केली तर लेकीचा संपर्क उगीच जास्त दिसेल. कच्चा आकडा आणि जुळवलेला आकडा दोन्ही नोंदवून ठेवा. मी स्वतः विशिष्ट गुरुत्वाकडे झुकते. ते हातातल्या छोट्या यंत्रावर जागेवरच कळतं आणि स्नायूंचा घोळ त्यात कमी असतो.

शिशासाठी रक्त घेताना बोट टोचून नको, शिरेतून घ्या. बोटाच्या कातडीवरच्या धुळीतलं शिसं थेंबात मिसळतं. नळी धातुमुक्त आहे हे लॅबकडून पक्कं करून घ्या.

पायरी पाचवी: किती वेळा?

आता मुख्य गोष्ट. इथं थोडं गणित आहे, पण टाळू नका.

समजा दहा माणसांचे नमुने तुम्ही वर्षात चार-चार वेळा घेतले. आकड्यांमध्ये फरक दिसेल. त्यातला काही फरक माणसामाणसातला: आबांचा नेहमीच जास्त, किराणा दुकानदाराचा नेहमीच कमी. काही फरक एकाच माणसाच्या दोन दिवसांतला: आबांचा मंगळवारी शंभर, पुढच्या महिन्यात सात. एकूण फरकातला माणसामाणसातला हिस्सा किती, याला आयसीसी (इंट्राक्लास कोरिलेशन कोएफिशियंट) म्हणतात. तो शून्य ते एक असतो. एकाच्या जवळ असेल तर एक नमुना माणसाची ओळख पटवतो. शून्याच्या जवळ असेल तर तुम्ही माणूस नव्हे, दिवस मोजताय. ढोबळ मानानं ०.४ च्या खाली कमकुवत आणि ०.७५ च्या वर उत्तम समजतात. रक्तातलं शिसं सहसा वरच्या बाजूला असतं. लघवीतल्या लवकर जाणाऱ्या औषधांच्या आणि प्लॅस्टिकमधल्या पदार्थांच्या खुणा बऱ्याचदा ०.१ ते ०.३ च्या आसपास घुटमळतात.

आयसीसी कमी असला तरी हात टेकायचे नाहीत, नमुने वाढवायचे. समजा आयसीसी ०.२ आहे. तीन नमुन्यांची सरासरी घेतली तर भरवसा ०.४३ होतो, सहांची घेतली तर ०.६, बारांची घेतली तर ०.७५. हिशोब असा: नमुन्यांची संख्या गुणिले आयसीसी, आणि त्याला भागायचं एक अधिक (संख्या वजा एक) गुणिले आयसीसी यानं. वहीत एकदा हातानं करून बघा. आयसीसी ०.५ असेल तर तिनातच ०.७५ गाठता येतो. म्हणजे कुठल्या पदार्थाला किती वेळा जायचं हे पैशांच्या आधी या हिशोबावर ठरतं.

पण हे तीन किंवा सहा नमुने लागोपाठच्या दिवसांतले नकोत. सोमवार, मंगळवार, बुधवार घेतले तर एकाच फवारणीची तीन छायाचित्रं मिळतात. खरड छाटणीनंतर, पावसाळ्यात, फळछाटणीनंतरच्या पहिल्या महिन्यात, मण्यात पाणी भरताना आणि विश्रांतीत असे पसरून घ्या.

सहा वेळा तपासणीचा खर्च झेपत नाही, ही तक्रार खरी आहे. त्यावर चांगला उपाय आहे. नमुने सहा घ्या, गोठवून ठेवा, प्रत्येकातून सारख्या मापानं थोडी लघवी घेऊन एकत्र करा आणि ती एकच तपासा. सरासरी मिळते, खर्च एकाचाच. चढउतार मात्र त्यात हरवतो, म्हणून प्रत्येक बाटलीतला थोडा भाग राखून ठेवा. पुढेमागे कोणत्या महिन्यात काय घडलं हे बघायची वेळ येते.

दुसऱ्या देशातल्या शहरातला आयसीसी उचलून आपल्या गावाला लावू नका. आयसीसी हा पदार्थाइतकाच लोकांवर अवलंबून असतो. फक्त फवारणी करणारे घेतले तर ते सगळे एकसारखे, त्यामुळे माणसामाणसातला फरक कमी आणि आयसीसी कमी. त्यांच्याबरोबर शिक्षक, दुकानदार घेतले की तोच पदार्थ, तीच लॅब, पण आयसीसी वाढतो. म्हणून मोठ्या कामाआधी दहा-पंधरा जणांचे तीन-तीन नमुने घेऊन आपला स्वतःचा काढा.

एकाच नमुन्यावर काम भागवलं तर काय होतं? माणसांची रांग चुकते. जास्त संपर्कवाला खालच्या गटात जातो, कमीवाला वरच्या. मग औषध आणि आजार यांत खरंच नातं असलं तरी ते फिकट दिसतं, कधी दिसतच नाही. 'संबंध आढळला नाही' असं वाक्य कुठल्याही अहवालात वाचलं की मी आधी बघते, नमुने किती वेळा घेतले होते. कॅलिफोर्नियातल्या सॅलिनास खोऱ्यात १९९९ पासून शेतमजूर कुटुंबांतल्या गरोदर बायकांचा मोठा अभ्यास झाला. त्यातही गरोदरपणात लघवी दोनदाच घेतलेली होती. दोन हे एकापेक्षा बरंच बरं, पण लवकर जाणाऱ्या औषधांसाठी थोडंच. अशा अभ्यासात जे नातं दिसलं ते खरं असेल तर बहुधा प्रत्यक्षात त्याहून ठळक असणार, असं मी समजते.

खानापूर-आटपाडीचा धडा

आपल्या जिल्ह्यात एक असा व्यवसाय आहे की त्यानं हे सगळं समजावून सांगता येतं. विटा, खानापूर, आटपाडीकडची कितीतरी घरं सोनं-चांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या कामासाठी देशभर पसरलेली आहेत. या कामात नायट्रिक ॲसिडचा धूर असतो, चांदी शुद्ध करायच्या जुन्या पद्धतीत शिसं असतं, डागाच्या, म्हणजे सांधे जोडायच्या, कामात कॅडमियम असू शकतं. केडीएम सोनं हा शब्द सगळ्यांनी ऐकलाय. त्यातलं केडीएम म्हणजे कॅडमियमच.

ही माणसं दिवाळीला, यात्रेला गावी येतात आणि आरोग्य शिबिरं तेव्हाच भरतात. भट्टीपासून दूर येऊन दीड महिना झालेल्या माणसाच्या रक्तातलं शिसं अर्ध्याखाली आलेलं असू शकतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये सांगितलेली ५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरची रेषा, जिच्यावर संपर्काचा स्रोत शोधून तो थांबवायचा असतो, ती ओलांडलेली नसेलही. पण वीस वर्षं भट्टीवर बसलेल्याच्या हाडात साठा असतोच. तो साठा रक्तात हळूहळू झिरपत राहतो, म्हणून अशा जुन्या कामगाराचा आकडा महिन्यागणिक निम्मा होत नाही, एका पातळीवर अडकून बसतो. म्हातारपणात हाडं झिजतात तेव्हा, आणि बाईच्या बाबतीत गरोदरपणात व अंगावर पाजताना, तेच शिसं पुन्हा रक्तात येतं.

त्यांच्यासाठी एकच मोठी तपासणी करण्यापेक्षा दरवर्षी एक छोटी तपासणी करा आणि जुने कागद जपून ठेवायला सांगा. दहा वर्षांचे दहा आकडे असतील तर प्रत्येक आकडा आणि मधला काळ यांचा गुणाकार करून बेरीज करता येते, आणि ती बेरीज हाडातल्या साठ्याशी चांगली जुळते. झिंक प्रोटोपॉर्फिरिन नावाची रक्ताची तपासणी शिशाचा मागच्या तीनेक महिन्यांचा परिणाम दाखवते, पण रक्त कमी असलेल्या बाईतही ती वाढते. बरोबर हिमोग्लोबिन आणि लोह बघितल्याशिवाय तिचा अर्थ लावू नका. कॅडमियमचा आकडा आला तर आधी बिडी-सिगारेट विचारा. तो धूर कॅडमियमचा मोठा स्रोत आहे.

पायरी सहावी: आकडा आला, आता काय

'आढळले नाही' याचा अर्थ शून्य नव्हे. यंत्राला अमुक मर्यादेखालचं दिसत नाही, एवढाच तो अर्थ. वहीत शून्य लिहू नका. ती मर्यादा लिहा आणि 'हिच्यापेक्षा कमी' असं लिहा.

लघवीत तुकडा सापडला म्हणजे औषधच शरीरात गेलं असंही नाही. औषध पानावर, फळावर, मातीत पडून तिथंच फुटतं आणि तो तयार तुकडा आपण भाजीबरोबर खातो. टीसीपी किंवा फॉस्फरसवर्गीय औषधांचे फॉस्फेट तुकडे अशा वाटेनंही येतात. म्हणून मागच्या तीन दिवसांचं जेवण विचारून ठेवलं तर नंतर उपयोगी पडतं.

नमुना घेण्याआधी आचारसमितीची मंजुरी आणि मराठीत, समजेल अशा भाषेत संमतीपत्र हवं. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं वाचून घ्या. त्या संमतीपत्रात 'या तपासणीतून किती दिवसांचं कळेल' ही ओळ मी आग्रहानं घालून घेते. आबांच्या त्या प्रश्नानंतर घालायला लागले.

रिपोर्ट हातात देताना आकड्याच्या खाली तीच ओळ पेननं लिहा: 'हा आकडा २६ ते २९ ऑक्टोबरचा आहे.' आबांच्या रिपोर्टवर मी असंच लिहिलं. त्यांनी तो घडी करून फवारणीच्या वहीत ठेवला आणि वहीच्या मागच्या पानावर पुढच्या पाच वेळांच्या तारखा माझ्याकडून लिहून घेतल्या. त्यातली एक विश्रांतीच्या काळातली होती. बाग मोकळी असताना कशाला, असं त्यांनी विचारलं नाही. म्हणाले, "आणि त्या येळंला माझ्या सुनंची बी घ्या. डिपिंगला तीच आस्ती."